तिसरी किल्ली

किल्ली कुलपात गेली, पण फिरेना.

उजवीकडे जोर लावला, डावीकडे लावला. बाहेर काढली, पदराला पुसली, परत घातली. तीच गत. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाकडून धूर छताला धरून येत होता, डांबरासारखा काळा, आणि हळूहळू खाली उतरत होता. माझ्या पाठीशी सात मुली दाटीवाटीनं उभ्या होत्या. कुणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत रुतत होतं. एक जण नुसती ‘मम्मी, मम्मी’ करत होती. दुसरी फोनवर पत्ता सांगत होती आणि दर वेळी सेक्टरचा नंबर चुकत होती. सातांतली एक माझी नात, मुलीची मुलगी. तिनं ओली ओढणी माझ्या नाकातोंडावर दाबून धरली होती, तिचं टोक डोळ्यांवर येत होतं.

“काढ ते. मला कुलूप दिसेना,” मी ओरडले.

जाळीच्या लोखंडी दरवाजापलीकडे मागचा जिना होता. सळ्यांतून हात घातला तर कठड्याला लागेल इतका जवळ. जिन्यावर ऊन पडलेलं होतं. खाली गल्लीत एक कुत्रं भिंतीच्या सावलीला झोपलं होतं. आम्ही इकडे मरायला टेकलो होतो आणि ते झोपलं होतं.

नातीनं माझ्या हाताकडे पाहिलं. किल्ली तिला तेव्हा दिसली.

“आजी, ही तुझ्याकडं होती?”

“आधी उघड,” मी म्हणाले.

ते कुलूप मीच आणलेलं होतं आणि त्या दरवाजाला मीच लावायला लावलं होतं. कसं, ते सांगते.

मी चौथी शिकलेली बाई आहे. लग्न होऊन दिल्लीला आले ती सरळ सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात. नवरा सरकारी कचेरीत शिपाई होता. त्या क्वार्टरात दोन मुलं वाढवली. नवरा रिटायर झाला, क्वार्टर सुटलं, तो गेला, आणि मी मुलाबरोबर गाझियाबादला राहायला आले. आयुष्य दिल्लीत गेलं तरी दिल्लीची भीती गेली नाही. तरुण होते तेव्हा बसमध्ये चढताना साडीची पिन काढून मुठीत धरायची. एकदा ती एकाच्या मांडीत टोचलीही. तो ओरडला, आणि सगळी बस माझ्याकडेच बघत राहिली, जसा काही गुन्हा माझा. तेव्हापासून मी शहाणी झाले. माणसांच्या भरवशावर राहायचं नाही. दाराला कडी, कडीला कुलूप.

मुलगी लातूरकडे दिली. तिला एकच मुलगी. पोरगी हुशार निघाली, परीक्षा दिली आणि फरीदाबादच्या बाजूला एका विद्यापीठात कायदा शिकायला तिचा नंबर लागला. मुलीचा फोन आला.

“आई, तू दिल्लीतली. हॉस्टेल तूच बघ. तू म्हणशील तिथं ठेवू.”

“आणि काही झालं तर?”

“तू असताना काय होतंय?”

हे वाक्य मला तेव्हाही आवडलं नाही. माझ्या घरी तिला ठेवता आलं नसतं. दोन खोल्या, आम्ही पाच माणसं, आणि गाझियाबादहून काश्मिरी गेटला मेट्रो बदलून फरीदाबादपर्यंत जायला दोन तास. पण खरं सांगायचं तर मला जबाबदारी नको होती. नको म्हणायची सोय नव्हती, म्हणून घेतली.

भर उन्हाळ्यात नात आणि मी तीन जागा पाहिल्या.

पहिलं विद्यापीठाच्या आवारातलंच वसतिगृह. लांबलचक इमारत, दोन्ही टोकांना रुंद जिने, जिन्यांची दारं सताड उघडी. खिडक्यांना गज नाहीत. मुली चपला घालून कुठूनही आत येत होत्या, कुठूनही बाहेर जात होत्या. फाटक रात्री दहापर्यंत उघडं. नात खुश.

“आजी, हवा बघ किती येते.”

“हवा येते तिथून माणूसही येतो,” मी म्हणाले.

“आजी, इथं पाचशे मुली राहतात.”

“राहू देत. त्यांना आज्या नसतील.”

दुसरी जागा म्हणजे एका घरमालकानं वरचे दोन मजले मुलींना भाड्यानं दिले होते. तो म्हणाला, “बेटी की तरह रखेंगे, माताजी।” म्हणाला मला, बघत होता नातीकडे. मी पाणीही न पिता उठले.

तिसरी जागा विद्यापीठानंच भाड्यानं घेतलेली होती. आवारात जागा पुरत नाही म्हणून बाहेर दहा मिनिटांच्या अंतरावर एक तीनमजली इमारत, फक्त मुलींची. एकच फाटक. फाटकावर बाई गार्ड. प्रत्येक खिडकीला बोटाएवढे जाड गज. मी हात घालून पाहिला, मनगटाच्या पुढे गेला नाही. आत वॉर्डन मॅडम बसल्या होत्या, चष्मा नाकावर, पुढ्यात जाड रजिस्टर. त्यांनी नियम वाचून दाखवले. सात वाजता फाटक बंद. सुट्टीच्या दिवशीही बाहेर जायचं तर स्थानिक पालकाचा फोन पाहिजे. इकडे त्याला लोकल गार्जियन म्हणतात. आईबाप गावाला असले की इथला एखादा नातेवाईक कागदावर पालक होतो आणि मुलीचं येणं-जाणं त्याच्या शब्दावर चालतं.

“लोकल गार्जियन कौन?” मॅडमनी विचारलं.

“मैं,” मी म्हणाले.

“आप? पढ़ लेती हैं?”

“दस्तखत भी कर लेती हूँ.”

नात माझा पदर ओढत होती. “आजी, हे जेल आहे.”

“जेलमधून कुणाला कुणी पळवून नेत नाही,” मी म्हणाले आणि सही केली. नात मेट्रोत काश्मिरी गेटपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसली, तेही भुयारात, जिथं बघायला काही नसतं.

तिची खोली सगळ्यात वरच्या, दुसऱ्या मजल्यावर मिळाली. मी दर पंधरा दिवसांनी रविवारी जायची. डब्यात शेंगदाण्याची चटणी, थालीपीठ, कधी पुरणपोळी. फाटकावरची गार्ड डबा उघडून वास घ्यायची आणि म्हणायची, “अम्मा, इसमें बम तो नहीं?” बाई पालकांना एक तास वर जायला परवानगी होती. वरच्या मुली मला नानी म्हणायच्या. मला ते आवडत नव्हतं, पण हळूहळू सवय झाली.

समोरच्या खोलीत एक पहाडी मुलगी होती, अल्मोड्याकडची. उंच, काटकुळी, पायात स्प्रिंग असल्यासारखी चालायची. मोठ्यानं हसायची. पहिल्यांदा तिनं माझा ठेचा चमचाभर खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाली, “नानी, मार डाला। थोड़ा और दो।” तिला दिल्लीची गरमी सोसायची नाही. ती थंड हवेतली. पॅसेजच्या मागच्या टोकाला तो जाळीचा दरवाजा होता आणि त्याच्या बाहेर एक लोखंडी जिना, गच्चीवरची टाकी साफ करणाऱ्यासाठी बसवलेला, फक्त वरच्याच मजल्याला जोडलेला. ती त्या जिन्यावर जाऊन बसायची. केस ओले करून, पाय खाली सोडून, मांडीवर पुस्तक. तिथं वारा लागायचा. नातही तिच्याबरोबर बसायला लागली. मी एकदा जाऊन पाहिलं. जिना सरळ मागच्या गल्लीत उतरत होता. पलीकडे एका इमारतीचं काम चाललेलं, त्यावर मजूर. इतके जाड गज, इतकं मोठं रजिस्टर, आणि मागून ही वाट उघडी.

दिवाळीनंतर एका मुलीचा लॅपटॉप खोलीतून गेला. कुणी म्हणालं, मागच्या जिन्यानं कुणीतरी आलं होतं. कुणी पाहिलं नव्हतं. पण भीतीला पाहायची गरज नसते. मुलीचा लातूरहून फोन: “आई, काय चाललंय तिथं?” त्या रात्री मी झोपले नाही. लॅपटॉप नेणारा उद्या आणखी काय नेईल, हेच डोक्यात.

मॅडमनी रविवारी पालकांची बैठक बोलावली. बरेच पालक फोनवरूनच होते. समोर बसलेले आम्ही सहा-सात जण. एक वडील म्हणाले कॅमेरा लावा. दुसरे म्हणाले गार्ड वाढवा. मी उभी राहिले.

“ताला लगाओ,” मी म्हणाले. “पीछे का दरवाज़ा बंद करो। बात ख़त्म।”

दाराशी मुली उभ्या होत्या. पहाडी मुलगी पुढे आली. “नानी, वो इमरजेंसी के लिए है।”

“कौन-सी इमरजेंसी? मुझे तो चोर दिखता है।”

त्या दरवाजावर पाटी होती. हिरव्या अक्षरांत हिंदीत ‘आपातकालीन निकास’. ती मला वाचता येत होती. अर्थही कळत होता. निकास म्हणजे बाहेर जायची वाट. मी अडाणी आहे म्हणून चुकले असं कुणी म्हणू नये.

मॅडम म्हणाल्या, दरवाजाला कुलूप लावता येत नाही, नियम आहे. सगळे पालक गलका करायला लागले तेव्हा म्हणाल्या, बरं, पण ऑफिसातून कुलूप मागवावं लागेल, वेळ लागेल. पुढच्या खेपेला मीच गाझियाबादच्या बाजारातून कुलूप घेऊन गेले. जड, पोलादी, मुठीत न मावणारं. दुकानदारानं सांगितलं होतं, हातोड्यानं तुटणार नाही. मॅडमनी ते हातात तोललं आणि शिपायाकडून लावून घेतलं. त्यांच्या मनावरचंही ओझं उतरलं असावं.

कुलपाबरोबर तीन किल्ल्या होत्या. मी त्यांना दोन दिल्या.

हे का केलं, ते सांगायला हवं. क्वार्टरात असताना आम्ही उन्हाळ्यात गावी जायचो, तेव्हा किल्ली शेजारणीकडे ठेवून जायचो. एकदा परत आले तर माझ्या नव्या स्टोव्हवर तिचं दूध उतू गेलेलं, पितळेचे दोन डबे नाहीत, आणि ती म्हणते, मला काय माहीत. तेव्हापासून कुठल्याही कुलपाची एक किल्ली माझ्याकडे असते आणि ती असल्याचं मी कुणालाही सांगत नाही. मुलाच्या कपाटाची आहे. सुनेच्या ट्रंकेची आहे, तिला माहीत नाही. तशीच ही तिसरी. कमरेच्या बटव्यात, बाकीच्यांबरोबर.

त्या दिवशी निघताना पहाडी मुलगी पॅसेजमध्ये उभी होती. “नानी, आपने तो हवा को भी ताला लगा दिया।”

“पंखा है न कमरे में,” मी म्हणाले.

नातीनं पुढचे दोन रविवार डबा घेतला आणि म्हणाली, अभ्यास आहे आजी, तू जा. मला वाईट वाटलं नाही. मला झोप लागायला लागली होती.

मे महिना आला. परीक्षा सुरू झाल्या. काही मुलींची संपली होती, त्या गावी गेल्या. वरच्या मजल्यावर आठच उरल्या होत्या, नातीचे दोन पेपर राहिले होते. मी आंबे घेऊन गेले. बाहेर लू, इकडचा तो भाजणारा वारा, चालली होती, धुळीनं आभाळ पिवळं. नात आंबा खाऊन पुस्तक घेऊन बसली, मी तिच्या पलंगावर आडवी झाले. दुपारी दोनच्या सुमाराला वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला.

पहाडी मुलगी दारात आली. घामानं निथळत होती, हातातल्या वहीनंच वारा घेत होती.

“नानी, मैं पिघल रही हूँ। चाबी दे दो ना, पाँच मिनट सीढ़ी पे बैठूँगी।”

ती थट्टा करत होती. किल्ली माझ्याकडे असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नसतं. कुलूप नानीचं, म्हणून किल्ली नानीची, इतकंच. पण मला वाटलं, हिला कळलं. माझा हात कमरेकडे गेला, तो मी तिथंच थांबवला.

“चाबी मैडम के पास है,” मी म्हणाले. “मेरे पास कहाँ से आई?”

“मैडम तो देंगी नहीं। चलो, पिघलते हैं।” ती हसली आणि गेली.

त्यानंतर दहा मिनिटं झाली असतील. जळक्या रबराचा वास आला. नात म्हणाली कुठंतरी वायर जळतेय. मग खालून कुणाचं तरी ओरडणं, मग गार्डची शिट्टी, एकसारखी. आम्ही पॅसेजमध्ये आलो. सगळ्या मुली बाहेर आल्या होत्या. पुढच्या जिन्याच्या तोंडातून धूर असा येत होता, जसा चुलीच्या तोंडातून येतो. नंतर कळलं, खाली जिन्याखाली विजेचे मीटर होते आणि त्याच्याच शेजारी हॉस्टेलच्या जुन्या फोमच्या गाद्या रचून ठेवलेल्या. ठिणगी गाद्यांवर पडली. खालच्या दोन मजल्यांवरच्या मुली ओरड ऐकून बाहेर पळाल्या. आम्हाला वास यायला उशीर झाला.

मी घाबरले. भीती म्हणजे काय हे मला माहीत आहे असं मला वाटत होतं. ते खोटं होतं. जीभ टाळूला चिकटली. मला एकच गोष्ट दिसत होती, नातीचा हात, आणि तो मी असा धरला की नंतर आठवडाभर त्यावर वळ होते.

कुणीतरी म्हणालं, “पीछे वाली सीढ़ी!” कुणीतरी म्हणालं, “ताला है!” एक मुलगी जाळीला धरून गदागदा हलवायला लागली. दरवाजा हलला, कुलूप हललं नाही. दुकानदार खोटं बोलला नव्हता.

पहाडी मुलगी म्हणाली, “चाबी मैडम के पास है। मैं लाती हूँ।”

माझेच शब्द. तिनं ओढणी तोंडाला गुंडाळली.

इथं मला बोलायचं होतं. बोलायला लागणारं वाक्य लहान होतं. चाबी मेरे पास है. चार शब्द. पण दहा मिनिटांपूर्वी मी नाही म्हणाले होते, सगळ्यांच्या देखत तोंडघशी पडायची मला लाज वाटली. अशा वेळी लाज वाटते यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझाही बसत नाही. पण वाटली. भीतीनं जीभ हलेना, की लाजेनं, हे मी पुष्कळदा मनात उलटून पालटून पाहिलं. दोन श्वासांएवढा वेळ गेला असेल. मी बटव्यात हात घातला तोवर ती जिन्याकडे वळली होती.

“रुक!” मी ओरडले. “रुक जा! मेरे पास है!”

ती जिन्यात शिरली होती. ती पायात स्प्रिंग असल्यासारखी चालायची, म्हटलं ना. धुरानं तिला एका क्षणात झाकलं. एक मुलगी तिच्या मागं धावली, जिन्याच्या तोंडाशी ठसका लागून परत फिरली. पहाडी मुलगी दिसली नाही. आवाज आला का? मला ऐकू आला नाही.

मी जाळीकडे गेले. किल्ली घातली. फिरेना.

महिनाभर धुळीची वादळं येत होती. कुलूप पाच-सहा महिने उघडलंच नव्हतं, त्यात धूळ जाऊन बसली होती. नातीनं माझ्या हातातली किल्ली ओढून घेतली आणि शेजारच्या मुलीला म्हणाली, “तेल! बालों का तेल!” त्या मुलीनं जवळच्या खोलीतून खोबरेल तेलाची बाटली आणली. नातीनं अर्धी बाटली कुलपात ओतली, निम्मं तेल खाली सांडलं, आमच्या पायांखाली निसरडं झालं. धूर आता आमच्या डोक्यांपर्यंत आला होता. आम्ही सगळ्या खाली बसलो, ती एकटी गुडघ्यांवर, किल्ली मागे-पुढे, मागे-पुढे. मी तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

“आजी, फिरतेय,” ती म्हणाली.

कुलूप उघडलं. दरवाजा बाहेर ढकलला आणि आम्ही त्या जिन्यावरून उतरलो, कुणी चालत, कुणी बसून घसरत. कुत्रं उठून पळालं. पलीकडच्या इमारतीवरचे मजूर, ज्यांच्या भीतीनं मी कुलूप लावलं, ते धावत आले. त्यांनी मला शेवटच्या पायऱ्यांवरून उचलून खाली ठेवलं आणि पाणी पाजलं.

नात मुली मोजायला लागली. एक, दोन, तीन. मोजून झाल्यावर तिनं परत मोजल्या. मग ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घातली.

बंब यायला वेळ लागला, गल्ली अरुंद होती. पहाडी मुलगी त्यांना पहिल्या मजल्याच्या वळणावर सापडली. अंगावर भाजल्याची खूण नव्हती. धुरानं गेली. मॅडम तोवर केव्हाच बाहेर आल्या होत्या आणि रस्त्यावर बसून रडत होत्या. त्यांच्या दोन किल्ल्या टेबलाच्या खणात सापडल्या. म्हणजे ती पोचली असती तरी खण शोधत बसली असती.

पोलिसांनी माझ्याकडून तिसरी किल्ली घेतली. मी सगळं सांगितलं. लिहून घेणारा म्हणाला, “माताजी, इतना सब मत लिखवाओ।” मी म्हणाले, लिही.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. बुटका माणूस, अंगात लोकरीचं जाकीट, मे महिन्यात. बहुतेक होते तसेच निघाले असतील. इस्पितळाच्या आवारात सगळे त्यांच्याभोवती उभे होते आणि कुणी काही नीट सांगत नव्हतं. त्यांनी विचारलं, “वो नीचे क्यों गई?”

“चाबी लेने,” मी म्हणाले.

“किसके पास थी?”

“मेरे पास.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “आप वो ठेचे वाली नानी हैं?” मी हो म्हणाले. ते वळले आणि भिंतीपाशी जाऊन बसले.

नातीचे राहिलेले पेपर पुढे ढकलले गेले. आता ती आवारातल्या वसतिगृहात राहते, जिथं हवेबरोबर माणूसही येतो असं मी म्हणाले होते. दोन्ही टोकांना जिने, दारं उघडी. मी एकदा जाऊन पाहून आले. दोन्ही जिने उतरून आणि चढून पाहिले, गुडघे दुखले. स्थानिक पालकाच्या जागी आता माझ्या मुलाचं नाव आहे. नातीनं बदलून घेतलं, मी विचारलं नाही.

तिनं मला एकदाच विचारलं. मेट्रोत, काश्मिरी गेटच्या आधी.

“आजी, तू तिला का नाही सांगितलंस?”

“घाबरले.”

“आगीला?”

“नाही. किल्ली माझ्याकडं आहे हे तुम्हा पोरींना कळेल, त्याला.”

काश्मिरी गेटला गर्दीत तिनं माझा हात धरला, कारण मला जिना उतरताना भीती वाटते. पलीकडे पोचल्यावर सोडला.

मुलीनं लातूरहून फोन करून देवाचे आभार मानले. आई, तू होतीस म्हणून वाचली, म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, असू दे, आपली तर वाचली ना. मी फोन ठेवला.

घरी आल्यावर मी मुलाच्या कपाटाची किल्ली मुलाला दिली, सुनेच्या ट्रंकेची सुनेला दिली. ती म्हणाली, “अहो आई, ही तुमच्याकडे कशी?” बटवा आता रिकामा आहे.

त्या दुपारी दुसऱ्या मजल्यावर आम्ही नऊ जणी होतो. आठ जगलो. माझी नात जगली. मी पण जगले.